संगणक उठत नाही तेव्हा

घरातले एखादे यंत्र बंद पडले की आपण पहिला संशय घेतो तो त्याला शेवटचा हात लावणाऱ्यावर. पारनेर तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्यावर हीच पाळी आली. त्याच्या घरी दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ गावचे दूध येते, कोणाचे किती लिटर, फॅट किती, दर काय, हे सारे घरातल्या जुन्या संगणकात चढते आणि दर दहा दिवसांनी त्यावरून लोकांची बिले निघतात. मुलाने अभ्यासासाठी त्याच संगणकात, विंडोजच्या शेजारी, लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवली. रात्री दोन्ही उत्तम चालल्या. पहाटे दुधाच्या किटल्या दारात आल्या, आणि पडद्यावर एकच ओळ : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही!

बिलाचा दिवस दुसऱ्याच दिवशी. मुलाचा मला फोन : "सर, आण्णा सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीयेत. दुरुस्तीवाला म्हणतो, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल."

मी अर्थशास्त्राचा माणूस, यंत्राचा नव्हे. पण आमच्या कॉलेजातले जुने संगणक चालते ठेवता ठेवता थोडे ज्ञान पदरी पडले आहे. त्याला म्हटले, "अरे, आधी काही पुसू नकोस. पुसायला संध्याकाळ आहेच की."

आता, संगणक उठतो म्हणजे काय होते? वीज मिळते तेव्हा त्या यंत्राला कशाचीच ओळख नसते. विंडोज नाही, लिनक्स नाही. मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये एक छोटा कायमचा प्रोग्राम असतो, तेवढाच त्याला ठाऊक. तो स्मृती तपासतो, कळफलक पाहतो आणि मग डिस्ककडे वळतो. छोट्याने मोठ्याला उठवायचे, असा हा मामला. इंग्रजीत याला 'बूट' होणे म्हणतात, ते बुटाचा बंद धरून स्वतःच स्वतःला उचलण्याच्या कल्पनेवरून.

डिस्ककडे वळण्याच्या रीती मात्र दोन आहेत. जुनी रीत १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची, बायोसची. ती डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचते आणि तिथे लिहिलेल्या सूचनेप्रमाणे पुढे जाते. नवी रीत यूईएफआयची. ती त्या पहिल्या पानावरच्या सूचनेकडे वळूनही पाहत नाही. डिस्कवर एक छोटा राखीव कप्पा शोधते आणि त्यातली ठरावीक फाइल उघडते. गाडी माळीवाडा स्टँडवर लागलेली आणि प्रवासी तारकपूरला वाट पाहत बसलेला, असे झाले तर गाडी नाही म्हणून तो परत जाणारच. गाडीत बिघाड काहीच नाही!

मी मुलाला सांगितले, पेनड्राइव्ह काढ, संगणक सुरू करतानाच सेटिंगचे पान उघड (कोणाचे 'एफ-२' ने उघडते, कोणाचे 'डिलीट' ने) आणि डिस्कचे नाव दिसते का ते बघ. नाव दिसत नसते तर वायर निसटली किंवा डिस्कच गेली, असे समजावे लागले असते. नाव दिसत होते. म्हणजे डिस्क जिवंत होती, चुकत होती ती वाट.

"आणि तारीख काय दाखवतंय रे?"

"सर, एक जानेवारी दोन हजार तेरा."

इथे उलगडा झाला. मुख्य पाटीवर रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ आणि, पुष्कळशा जुन्या यंत्रांत, सेटिंगही तोच सांभाळतो. तो सेल संपला होता, रात्री गावची वीज गेली होती, आणि सेटिंग कारखान्यातून निघाले तसे झाले होते. दुकानदाराने पूर्वी ठेवलेली जुनी रीत जाऊन नवी आली. बिचाऱ्या लिनक्सचा यात दोष काय? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

तरीही आधी हिशोब वाचवायचा. लिनक्सचा पेनड्राइव्ह परत लावून, काहीही न बसवता, नुसते 'चालवून पाहा' म्हटले की डिस्कवरच्या फाइली दिसतात. त्याने दुधाचा सगळा हिशोब दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवला. मग सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो घेतले (हे फार महत्त्वाचे, लोक दहा गोष्टी बदलतात आणि कोणती बदलली ते विसरतात), 'लेगसी' म्हणजे जुनी रीत निवडली, 'एफ-१०' दाबून जतन केले. संगणक उठला.

प्रत्येक वेळी एवढे सोपे नसते. पेनड्राइव्ह एका रीतीने उठवून प्रणाली बसवली आणि यंत्र दुसऱ्या रीतीवर ठेवले, तरी हीच ओळ येते. 'सिक्युअर बूट' हा पहारेकरी ओळखीची सही नसलेली प्रणाली दारातच अडवतो. आणि पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असे शब्द येऊन थांबले, तर लिनक्सचा वाटाड्या अर्धाच सापडला आहे. पेनड्राइव्हवरून उठून तो पुन्हा बसवावा लागतो. यांतल्या एकाही दुखण्यात डिस्क पुसावी लागत नाही.

सेलवर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब तीन व्होल्ट. मुलाने तो सुप्याच्या एका घड्याळवाल्याकडून आणला. संध्याकाळच्या दुधाआधी बसवला, आणि त्या रात्री आण्णांचाच फोन आला, "सर, बिलं निघाली. पोरगं जेवलंय आता."