किडलेला दात : उपटावा की राखावा?

लवंगेच्या तेलाचा बोळा दाताखाली धरून, अथवा वेदना शमविणारी गोळी घेऊन कामावर जाणारी माणसे मुंबईच्या उपनगरांत पुष्कळ आढळतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून सकाळी निघून रात्री परतणाऱ्या नोकरदारास दातासाठी सवड काढणे जिवावर येते. ‘रविवारी पाहू’ असे म्हणता म्हणता महिने लोटतात. शेवटी दुखणे असह्य झाले, की तो दंतवैद्याकडे जातो आणि ‘हा दात एकदाचा उपटून टाका’ असे विनवितो. परंतु खोल किडलेल्या दातावर उपटणे हा एकच उपाय नव्हे. उपाय अनेक आहेत. त्यांपैकी कोणता योग्य, हे मुख्यतः एका गोष्टीवरून ठरते. ती समजण्यासाठी आधी दाताची रचना पाहू.

दाताचे बाहेरचे पांढरे कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या आत पिवळसर डेंटिनचा थर असतो आणि डेंटिनच्या पोटात एक लहानशी पोकळी असते. तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी युक्त असा मऊ गर असतो. लोक त्यालाच ‘दाताची नस’ म्हणतात. आपण ‘कीड’ म्हणत असलो, तरी दातात अळी शिरत नाही. तोंडातील जंतू साखर व पिष्टमय पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दातातील खनिजे विरघळतात, हे डब्ल्यू. डी. मिलर या शास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. कवच ढासळले, की हा क्षय गराच्या दिशेने सरकू लागतो. गरही स्वस्थ बसत नाही. शत्रू तटाला खिंडार पाडू लागताच किल्लेदाराने आतून दुसरी भिंत उभारावी, तसा तो आतल्या बाजूने डेंटिनचा नवा थर रचतो.

म्हणून पहिला प्रश्न असा, की गर जिवंत आहे काय, आणि असल्यास तो सावरेल काय? थंड पाण्याने आलेली कळ क्षणात थांबत असेल, तर गर बहुधा सावरण्याजोगा असतो. कळ बराच वेळ रेंगाळत असेल, किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर गराचा दाह वाढला असे समजावे. दंतवैद्य दाताला थंड स्पर्श करून, त्यावर हलके ठोकून व क्ष-किरणांचे चित्र काढून याची खात्री करून घेतात.

किडलेला भाग कणभरही मागे ठेवू नये, असा पूर्वी नियम होता. वरवर पाहता तो निर्दोष वाटतो. परंतु कीड गराला भिडली असता शेवटचा कण खरवडताना गरच उघडा पडतो. यासाठी आता गर सावरण्याजोगा असल्यास पोकळीच्या कडा स्वच्छ करतात, गरावरचा मऊ डेंटिनचा पातळ थर मात्र राहू देतात व वरून घट्ट भरण करतात. आत कोंडलेल्या जंतूंचे अन्न तुटते आणि क्षय थांबतो. काही दंतवैद्य हे काम दोन टप्प्यांत करतात. काही महिन्यांनी दात पुन्हा उघडून उरलेली कीड काढतात. डेन्मार्क व स्वीडन येथे ३१४ प्रौढांवर केलेल्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन टप्प्यांच्या पद्धतीने शेकडा सुमारे ६० दात, तर सर्व कीड एकदम काढण्याच्या पद्धतीने शेकडा सुमारे ४६ दात जिवंत व निरोगी राहिले होते. दुसऱ्यांदा दात उघडण्याचीही गरज नाही, असे मानणारे तज्ज्ञ आहेत.

गर उघडा पडला, तरी सारे संपत नाही. इमारतीच्या सिमेंटाच्याच कुळातील एक औषधी सिमेंट १९९० नंतर प्रचारात आले आहे. त्याने उघडा गर झाकता येतो. किंवा दुखावलेला वरचा भाग कापून मुळांतील निरोगी गर राखता येतो. गर मेला असेल वा सावरण्यापलीकडे गेला असेल, तर रूट कॅनाल करावे लागते. त्यात सर्व गर काढून मुळांतील नळ्या स्वच्छ करतात व भरतात. दाढेवर बहुधा कॅप बसवितात. असा दात निर्जीव असला, तरी घास चावण्याचे काम वर्षानुवर्षे करू शकतो. मूळ चिरले असेल, किंवा भरण टिकण्याइतका दातच उरला नसेल, तेव्हा मात्र तो काढणेच इष्ट. दात काढणे स्वस्त वाटते. परंतु त्या खिंडीकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबू लागतो, आणि पुढे कृत्रिम दाताचा खर्च येतो तो वेगळाच.

खाजगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी मुंबईत सार्वजनिक संस्था आहेत. मुंबई सेंट्रल येथील महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ साली स्थापन झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. पहिले बोरिवली-अंधेरीकरांस, तर दुसरे मुलुंड-घाटकोपरकरांस लोकलने सोयीचे आहे.

सर्वांत फसवी वेळ कोणती? ठणका आपोआप थांबतो ती. मनुष्याला वाटते, दात बरा झाला. पण पुष्कळदा गर मेलेला असतो, आणि जंतू मुळावाटे जबड्याच्या हाडाकडे निघालेले असतात. गालावर सूज येऊन ताप चढला, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. दिरंगाईने सोपे उपाय एकेक करून हातचे जातात: आज जो दात भरणाने वाचेल, त्याला उद्या रूट कॅनाल लागेल, आणि परवा तो काढावाच लागेल. आपल्या घरी कोणी गोळ्यांवर दिवस ढकलीत असेल, तर त्यांना हे अवश्य समजावून सांगावे.