गोल फिरणारी गाडी आणि वाघिणींचे कोडे

रेल्वे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धावणारी गाडी येते. पण धावण्याआधी ती गाडी कोणीतरी जुळवलेली असते. कोणती वाघीण पुढे, कोणती मागे, वाटेत कोणती कोठे सोडायची, हे सारे यार्डात ठरते. तेथे एक इंजिन मागे-पुढे होत वाघिणी हव्या त्या क्रमाने लावते. यालाच आपण शंटिंग म्हणतो. आज आपल्याकडे मालाची बहुतेक वाहतूक एकाच मालाने भरलेल्या अख्ख्या गाडीने होते. त्यामुळे स्टेशनावर एकेक वाघीण हलवणारे इंजिन पूर्वीइतके दिसत नाही. तरीही धावणे आणि जुळवणे ही रेल्वेची दोन मूळ कामे आहेत.

शाळेच्या विज्ञानकक्षात किंवा प्रदर्शनात रेल्वेची प्रतिकृती मांडताना मात्र यांपैकी एकच काम लक्षात घेतले जाते. लंबवर्तुळाकार रूळ मांडतात, गाडी सोडतात आणि ती फिरत राहते. पाहणारे खूश होतात, पण दहा मिनिटांनी मुलांना करण्यासारखे काही उरत नाही. उलट नुसतेच यार्ड मांडले तर चालवणाऱ्या दोघांना ते रंगवून टाकते आणि बाकीच्यांना नुसते इंजिन पुढे-मागे होताना दिसते. एकाच फळीवर ही दोन्ही कामे बसवता येतील का? येतील. मात्र ती एकमेकांना कोठे अडवतात, हे रूळ ठोकण्याआधी कागदावर शोधावे लागते. फळी एकच, पैसे मोजके आणि ठोकलेला रूळ उखडला की बहुधा वाकतो, म्हणून हा हिशेब आधी करणे महत्त्वाचे आहे.

फळी केवढी, वळण केवढे?

आपल्या बाजारात प्लायवुडची फळी सर्रास ८ फूट × ४ फूट, म्हणजे सुमारे २४४ × १२२ सें.मी. या मापाची मिळते. तीच आपण धरू. गाड्या 'ओओ' प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्याच्या सुमारे १/७६ आकाराच्या घेऊ. त्यांच्या दोन रुळांमधले अंतर १६.५ मि.मी. असते. हॉर्नबीच्या तयार तुकड्यांमध्ये सरळ रुळाचा नेहमीचा तुकडा १६८ मि.मी. लांब असतो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वळणाची त्रिज्या ४३८ मि.मी. असते.

ही त्रिज्या किती लहान आहे ते पाहा. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. तिला ७६ ने भागले तर २.३ मीटर येतात. म्हणजे प्रमाणात अचूक असे नुसते एक वर्तुळ मांडायला साडेचार मीटरहून रुंद खोली हवी! प्रतिकृतीत वळणाबाबत तडजोड करावीच लागते. म्हणूनच लहान फळीवर लांब डबे शोभत नाहीत आणि छोट्या वाघिणी शोभतात.

फळीच्या लांबीच्या दोन्ही बाजूंना सरळ रुळाचे आठ-आठ तुकडे आणि टोकांना दोन अर्धवर्तुळे घेऊ. सरळ भाग ८ × १६८ = १३४४ मि.मी. झाला. रुळांची एकूण लांबी १३४४ + ८७६ = २२२० मि.मी. आणि रुंदी ८७६ मि.मी. फळीवर ती बसते, कडेला जागाही उरते. पूर्ण फेरी होते २ × १३४४ + २ × ३.१४ × ४३८, म्हणजे सुमारे ५.४४ मीटर.

खऱ्या रेल्वेत हे अंतर ७६ पट, म्हणजे सुमारे ४१४ मीटर होईल. बावीस-चोवीस डब्यांची एक्स्प्रेस अर्धा किलोमीटर लांब असते. ती या फेरीवर ठेवली तर इंजिन शेवटच्या डब्याला जाऊन धडकेल. ताशी ६० कि.मी. हा वेग प्रमाणात उतरवला तर दर सेकंदाला सुमारे २२ सें.मी. येतो. या वेगाने एक फेरी पंचवीस सेकंदांत पूर्ण होते.

एक पूल हवा, गाडी वर चढावी, असा मुलांचा आग्रह असतो. एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी निदान ७ सें.मी. उंची लागते. बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे आणि तेथे गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. तोच चढ घेतला तर ७ सें.मी. चढायला २.६ मीटर आणि उतरायला तितकेच रूळ लागतील. म्हणजे जवळजवळ सगळी फेरी घाटातच जाईल आणि यार्डाला सपाट जागा उरणार नाही. तेव्हा या फळीवर पूल नको.

लूप लाइन: गाडी बाजूला घेण्याची सोय

मालगाडी लूपला घेऊन एक्स्प्रेस पुढे काढतात, हे प्रवासात सर्वांनी अनुभवलेले असते. आपल्या फळीवरही पुढच्या सरळ भागाला आतल्या बाजूने अशी एक लूप लाइन देऊ. तिला दोन सांधे लागतील.

तयार सांधा १६८ मि.मी. लांब असतो आणि त्याची फुटणारी बाजू ४३८ मि.मी. त्रिज्येने २२.५ अंश वळते. पुन्हा मूळ रुळाला समांतर यायचे तर तेवढेच उलट वळण लावावे लागते. या दोहोंमुळे रूळ किती बाजूला सरकतो? उत्तर आहे २ × ४३८ × (१ − कोज्या २२.५°) = ६६.७ मि.मी. हॉर्नबीच्या मांडणीत दोन समांतर रुळांमधले अंतर ६७ मि.मी. का, याचे उत्तर येथे मिळते. दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. आणि ४३८ × ज्या २२.५° = १६८ मि.मी., हीच सांध्याची लांबी.

लूपच्या प्रत्येक टोकाला एक सांधा आणि एक उलट वळण, असे आठांपैकी चार तुकडे खर्च झाले. उरले चार, म्हणजे ६७ सें.मी. छोटी वाघीण जोडणीसह ८.५ सें.मी. आणि छोटे इंजिन १२ सें.मी. धरू. इंजिन, पाच वाघिणी आणि गार्डचा डबा मिळून १२ + ४२.५ + ८.५ = ६३ सें.मी. होतात. गाडी लूपमध्ये बसली आणि चार सेंटिमीटर उरले. सहावी वाघीण जोडली तर शेपूट सांध्याजवळ येऊन बाजूच्या गाडीला घासेल. खऱ्या रेल्वेत ही मर्यादा रुळांमध्ये खूण करून दाखवतात, तिला फाउलिंग मार्क म्हणतात. आपणही फळीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. म्हणजे आपली गाडी पाच वाघिणींची का, हे आवडीने नव्हे तर लूपच्या लांबीने ठरले.

यार्ड आणि त्याची मान

लूपच्या सरळ भागात डाव्या बाजूला आणखी एक सांधा बसवू. तेथून एक जोडरूळ फळीच्या मधल्या मोकळ्या भागात उजवीकडे जाईल आणि यार्डाला मिळेल. यार्डात तीन बंद फाटे असतील, त्यांपैकी सर्वांत लांब फाटा फळीच्या मध्याजवळ घ्यावा. आतापर्यंतचे तीन, जोडरूळ यार्डाला मिळतो तेथील एक आणि फाट्यांचे दोन, असे एकूण सहा सांधे लागतील.

आता कळीचा प्रश्न असा, की वाघिणी एका फाट्यातून दुसऱ्यात न्यायच्या तर आधी त्या बाहेर ओढाव्या लागतात. त्या उभ्या कोठे राहतील? जागा ठेवली नसेल तर त्या लूपवर किंवा मुख्य मार्गावर येतील आणि दर खेपेला फिरती गाडी थांबवावी लागेल. बहुतेक फसलेल्या मांडण्या येथेच फसतात. यावर उपाय म्हणजे यार्डाच्या तोंडामागे, लूपपासून अलग असा रुळाचा एक तुकडा ठेवणे. रेल्वेवाले त्याला 'शंटिंग नेक', म्हणजे शंटिंगची मान म्हणतात. इंजिन आणि तीन वाघिणी मावायला १२ + २५.५ = ३७.५ सें.मी. लागतात, म्हणून आपण ४० सें.मी. ठेवू.

एवढे केले की एक गाडी बाहेर फिरत राहते आणि आत शंटिंग चालते. दोन्ही कामे एकमेकांना फक्त एकाच वेळी अडवतात, ती म्हणजे मालगाडी यार्डात घेताना. गाडी डावीकडून उजवीकडे आली असेल तर इंजिन उजव्या टोकाला असते. ते तसेच यार्डात शिरले तर बंद फाट्याच्या टोकाशी कोंडले जाईल. म्हणून ते सुटते, मुख्य मार्गाने वळसा घेऊन मागच्या टोकाला लागते, गाडी मागे ओढते आणि मग यार्डात ढकलते. गाडी उजवीकडून डावीकडे आली असेल तर हा वळसा लागतच नाही. असे का, हे विद्यार्थ्यांना कागदावर शोधू द्या.

पाच, तीन, तीन

यार्डाचे फाटे किती लांब असावेत? येथे ॲलन राइट या ब्रिटिश छंदकाराने दिलेले 'इंगलनुक सायडिंग्ज' हे कोडे उपयोगी पडते. एका फाट्यात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि मानेत इंजिन व तीन वाघिणी. यार्डात आठ वेगवेगळ्या वाघिणी असतात. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच त्या लांब फाट्यात उभ्या करायच्या.

अशा गाड्या किती होतील? ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२०. रोज एक सोडवली तरी अठरा वर्षे पुरतील. गंमत म्हणजे कोणत्याही सुरुवातीपासून यांपैकी प्रत्येक गाडी जुळवता येते. जागा एकूण अकरा आणि वाघिणी आठ, म्हणून तीन जागा रिकाम्या राहतात. मान मुद्दाम तिनाचीच ठेवायची, लांब केली तर कोड्यातली कस लावणारी अडचणच जाते.

यामागचे तत्त्व लहान उदाहरणाने पाहू. फाटे तीन, दोन, दोन वाघिणींचे, मान दोन वाघिणींची आणि वाघिणी पाच. पहिल्या फाट्यात तोंडाकडून क, ख, ग उभ्या आहेत, दुसऱ्यात घ, च, आणि तिसरा रिकामा आहे. आपल्याला पहिल्या फाट्यात ख, क, ग असा क्रम हवा.

१. क बाहेर ओढून तिसऱ्या फाट्यात ठेवा.
२. ख बाहेर ओढून त्याच फाट्यात क च्या पुढे ठेवा. आता तेथे तोंडाकडून ख, क आहेत.
३. दोन्ही एकत्र ओढून पहिल्या फाट्यात ग ला जोडा. झाले ख, क, ग.

फाटा म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेले ताट आधी निघते. वाघिणी एकेक करून हलवल्या तर क्रम उलटतो, जोडून हलवल्या तर टिकतो. सगळे शंटिंग या दोन वाक्यांत आहे. संगणकशास्त्रात माहितीची अशीच चळत रचतात, तिला 'स्टॅक' म्हणतात.

वीज: दोन गाड्या, दोन नियंत्रक

साध्या मांडणीत दोन रुळांतून १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह देतात. धन-ऋण अग्रे बदलली की गाडीची दिशा बदलते. पण मग एकाच रुळावरची दोन्ही इंजिने एकदम हलतील. म्हणून जोडरुळावर दोन्ही रुळांमध्ये प्लॅस्टिकचे सांधक लावून यार्ड विजेच्या दृष्टीने तोडावे आणि त्याला वेगळा नियंत्रक द्यावा. गाडी आत घेताना एका बटनाने यार्ड तेवढ्यापुरते मुख्य नियंत्रकाला जोडावे.

आणखी एक सावधगिरी हवी. आराखड्यात डावा रूळ लाल आणि उजवा निळा रंगवा. फेरी, लूप आणि यार्ड यांत लाल लालला व निळा निळ्याला मिळतो. पण "गाडी उलट दिशेने परत यावी" म्हणून कोणी फेरीच्या मधून आडवा रूळ टाकून तो पलीकडे जोडला, तर लाल निळ्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. आजच्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो आणि एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्र चालतात, तरी आडव्या रुळाची ही अडचण तेथेही राहतेच.

वर्गात काय करता येईल?

रूळ विकत घेण्याआधी पुढील क्रमाने जावे.

१. जमिनीवर खडूने तीन-दोन-दोनचे यार्ड काढून काडेपेट्यांना अक्षरे चिकटवा. पाच वाघिणींतून तिघींच्या ५ × ४ × ३ = ६० गाड्या होतात. गटागटांनी त्या वाटून घ्याव्यात आणि कमीत कमी हालचालींची नोंद करावी.
२. पाच-तीन-तीनकडे जा. एक मूल इंजिन, एक सांधेवाला, एक नोंद ठेवणारा. इंजिनाने सांधेवाल्याच्या खुणेशिवाय हलायचे नाही.
३. वर्तमानपत्रे चिकटवून ८ × ४ फुटांचा कागद करा आणि आराखडा खऱ्या मापात काढा. लूप, मान आणि फाटे पुठ्ठ्याच्या वाघिणी ठेवून मोजा.
४. सहल पुण्याला जाणार असेल तर कोथरूडमधले, १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाखवा. गाड्या मोजण्यापेक्षा लूप कोठे आहेत आणि कोणती गाडी कोणासाठी थांबते, याचा नकाशा मुलांना काढायला सांगा.

पहिल्या तीन पायऱ्यांना खर्च जवळजवळ नाही. खरे रूळ कधी आलेच नाहीत, तरी क्रमपर्याय, त्रिकोणमिती आणि प्रमाण हे तिन्ही विषय काडेपेट्यांवर शिकून झालेले असतील. आणि रूळ आले, तर पहिला खिळा ठोकताना तो तेथेच का, याचे उत्तर मुलांपाशी तयार असेल.