चल आर्ग्युमेंट सूची (सी भाषा)

चल आर्ग्युमेंट सूची म्हणजे सी या प्रोग्रॅमिंग भाषेत एखाद्या फंक्शनला दिली जाणारी, संख्या व प्रकार आधी निश्चित नसलेली मूल्यांची मालिका होय. फंक्शनच्या घोषणेत ती शेवटी तीन टिंबांनी दर्शवली जाते. पडद्यावर मजकूर छापणारे 'प्रिंटएफ' हे अशा फंक्शनांपैकी सर्वांत परिचित उदाहरण आहे. ही मूल्ये प्रत्यक्षात कोठे ठेवली जातात, हे प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनुसार बदलते. भाषेच्या प्रमाणकाने दिलेली साधने नियमानुसार वापरल्यास तोच प्रोग्रॅम सर्वत्र सारखा चालतो. परंतु नियम मोडलेला प्रोग्रॅमही एखाद्या यंत्रावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालू शकतो आणि दुसऱ्या यंत्रावर नेताच चुकीची उत्तरे देतो किंवा कोसळतो. त्यामुळे 'चालतो' याचा अर्थ 'बरोबर आहे' असा घेता येत नाही.

स्वरूप

सामान्य फंक्शनला किती व कोणत्या प्रकारची मूल्ये मिळणार, हे कंपायलरला घोषणेवरून कळते. चल सूचीच्या बाबतीत ही माहिती सूचीबरोबर जात नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने अन्य मार्गाने पुरवावी लागते. प्रिंटएफला ती पहिल्या आर्ग्युमेंटमधील '%डी', '%एस' अशा खुणांवरून मिळते. काही फंक्शने मूल्यांची संख्या आधी सांगतात, तर काही सूचीच्या शेवटी रिकामा पॉइंटर ठेवून समाप्ती दर्शवतात. थैलीत काय आहे हे सोबतच्या चिठ्ठीवरूनच ओळखायचे, असा हा व्यवहार आहे. चिठ्ठी चुकली तर ती चूक थैली सांगत नाही.

सूचीत देताना 'कॅरेक्टर' व 'शॉर्ट' प्रकारच्या मूल्यांचे रूपांतर 'इंट' मध्ये आणि 'फ्लोट' चे 'डबल' मध्ये होते. म्हणून ती वाचताना मूळ प्रकार न सांगता रूपांतरित प्रकार सांगावा लागतो.

इतिहास

डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली, तेव्हा ती प्रामुख्याने पीडीपी-११ या संगणकावर चालत असे. तेथे सर्व आर्ग्युमेंट्स स्टॅकवर एकापुढे एक ठेवली जात. पहिल्याचा पत्ता घेऊन पुढे सरकत गेले की उर्वरित मूल्ये क्रमाने मिळत, आणि अनेक प्रोग्रॅम याच गृहीतकावर लिहिले गेले.

पुढे स्पार्क, मिप्स यांसारख्या प्रोसेसरांवर सुरुवातीची काही मूल्ये वेगासाठी रजिस्टरांतून पाठवली जाऊ लागली. रजिस्टरला स्मृतीतील पत्ता नसल्यामुळे जुनी युक्ती निरुपयोगी ठरली. युनिक्समध्ये अशा कामासाठी 'व्हॅरआर्ग्ज' ही हेडर फाइल होती. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने तिच्या धर्तीवर 'एसटीडीआर्ग' ही हेडर फाइल निश्चित केली.

प्रमाणित साधने

• व्हीए-लिस्ट : सूचीतील चालू स्थान लक्षात ठेवणारा प्रकार.
• व्हीए-स्टार्ट : वाचनाचा आरंभ.
• व्हीए-आर्ग : सांगितलेल्या प्रकारचे पुढील मूल्य.
• व्हीए-एंड : वाचनाची समाप्ती.
• व्हीए-कॉपी : चालू स्थानाची प्रत, ही सोय १९९९ च्या प्रमाणकात समाविष्ट झाली.

व्हीए-लिस्टची अंतर्गत रचना प्रमाणकाने ठरवलेली नाही. ती प्रत्येक कंपायलरने आपल्या यंत्रानुसार करावी, असे अभिप्रेत आहे.

प्रोसेसरनिहाय भेद

३२-बिट एक्स८६ प्रोसेसरवर सर्व मूल्ये स्टॅकवर असतात आणि व्हीए-लिस्ट हा साधा पॉइंटर असतो.

६४-बिट एक्स८६ प्रोसेसरवर लिनक्समध्ये पूर्णांक व पॉइंटर यांसाठी सहा, तर अपूर्णांकांसाठी आठ रजिस्टरे वापरली जातात. उरलेली मूल्ये स्टॅकवर जातात. फंक्शन ही रजिस्टरे प्रथम स्मृतीत उतरवून घेते. येथे व्हीए-लिस्ट ही चार घटकांच्या स्ट्रक्चरची, एकाच सदस्याची ॲरे असते.

त्याच प्रोसेसरवर विंडोजमध्ये मात्र पहिली चारच मूल्ये रजिस्टरांतून जातात आणि व्हीए-लिस्ट पुन्हा साधा पॉइंटर असतो.

६४-बिट आर्मच्या मूळ नियमावलीत व्हीए-लिस्ट हे पाच घटकांचे स्ट्रक्चर आहे. ॲपलने आपल्या आर्म संगणकांवर वेगळा नियम ठेवला असून तेथे चल सूचीतील सर्व मूल्ये स्टॅकवरच ठेवली जातात.

स्थलांतरात आढळणारे दोष

एकच सूची दोनदा वाचणे : एक व्हीए-लिस्ट 'व्हीप्रिंटएफ' सारख्या दोन फंक्शनांना लागोपाठ दिल्यास ३२-बिट एक्स८६ वर दोन्ही वेळा योग्य उत्तर येते, कारण तेथे पॉइंटरची प्रत दिली जाते. ६४-बिट लिनक्सवर ॲरेचा पत्ताच दिला जातो. पहिल्या वाचनात स्थान पुढे सरकते आणि दुसरे वाचन भलत्याच ठिकाणापासून सुरू होते.

समाप्तीसाठी नुसते शून्य लिहिणे : ६४-बिट यंत्रांवर 'इंट' बहुधा ४ बाइटांचा, तर पॉइंटर ८ बाइटांचा असतो. शून्य रजिस्टरमधून गेले तर वरचा अर्धा भाग बहुधा शून्यच राहतो व दोष लपतो. आर्ग्युमेंट्स वाढून ते स्टॅकवर गेले, की त्या भागात जुने अवशेष असू शकतात आणि समाप्तीची खूण हरवते.

प्रकाराची विसंगती : ८ बाइटांचा 'लाँग लाँग' पूर्णांक '%डी' या खुणेने छापल्यास ६४-बिट एक्स८६ वर लहान संख्या बरोबर दिसतात. ३२-बिट एक्स८६ वर मात्र त्यातील ४ बाइट वाचायचे राहतात आणि पुढील प्रत्येक मूल्य चुकते. म्हणजे दोष नव्या यंत्रावरून जुन्याकडे जातानाही उघड होतो.

चुकीची घोषणा : चल सूचीचे फंक्शन साध्या फंक्शनच्या घोषणेने बोलावल्यास अनेक यंत्रांवर काम निभावते. ॲपलच्या आर्म संगणकांवर बोलावणारा मूल्य रजिस्टरमध्ये ठेवतो आणि फंक्शन ते स्टॅकवर शोधते.

दक्षता

सूची पुन्हा वाचायची असल्यास आधी व्हीए-कॉपीने प्रत घ्यावी आणि प्रत्येक प्रतीसाठी व्हीए-एंड वापरावे. एक व्हीए-लिस्ट दुसरीला साध्या '=' चिन्हाने देऊ नये. समाप्तीचा रिकामा पॉइंटर योग्य पॉइंटर-प्रकारात रूपांतरित करून लिहावा. फंक्शनची घोषणा योग्य हेडर फाइलमधूनच घ्यावी. जीसीसी व क्लँग हे कंपायलर प्रिंटएफच्या खुणा आणि दिलेली मूल्ये यांतील विसंगतीची सूचना देऊ शकतात. ती सूचना चालू ठेवावी व दुर्लक्षू नये. शक्य असल्यास प्रोग्रॅम किमान दोन भिन्न प्रोसेसरांवर तपासावा. अशा तपासणीत काही लपलेले दोष उघड होतात. तथापि प्रोग्रॅम सर्वत्र चालण्याची हमी प्रमाणकाच्या नियमांतूनच मिळते.