विश्लेषण : छायाचित्र अमेरिकी, रंग मेवाडी! उदयपूरच्या स्टुडिओतील चित्रे नेमकी कुणाची?

परदेशी छायाचित्रकार येतो, फेटेवाले आणि साधू टिपतो, मायदेशी जाऊन प्रदर्शन भरवतो. ही तक्रार जुनीच. वास्वो एक्स. वास्वो यांच्या ‘इंडिया पोएम्स’ या सेपिया छटेतील छायाचित्रांबाबतही ती झाली. १९५३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे जन्मलेले वास्वो मात्र परत गेले नाहीत. त्यांनी उदयपुरात मुक्काम ठोकला आणि शहरालगतच्या एका गावात स्टुडिओ थाटला.

स्टुडिओत काय घडते?

रंगवलेला पडदा, त्यापुढे स्थानिक माणसे. फोटो डिजिटल, पण छपाई कृष्णधवल. मग राजेश सोनी ब्रशने त्यात रंग भरतात. सोनी यांचे आजोबा मेवाडचे महाराणा भूपाल सिंह यांच्या दरबारी छायाचित्रकार होते आणि फोटो रंगवतही असत. आपल्याकडेही आजी-आजोबांच्या जुन्या फोटोंत ओठांना लाली आणि साडीला रंग सापडतो, तीच ही कला. रंगीत फिल्म आली आणि ती मागे पडली. येथे ती पुन्हा कामाला लागली आहे.

टीकेला उत्तर मिळाले का?

मिळाले, तेही लघुचित्रांतून. वास्वो कल्पना मांडतात, आर. विजय चितारतात. चित्रात सूट-हॅटमधला एक गोरा गृहस्थ राजस्थानात गोंधळून हिंडताना दिसतो. पूर्वेकडे अद्भुत म्हणून पाहणारा हा ‘दुष्ट’ पाश्चात्त्य म्हणजे खुद्द वास्वो! स्वतःची अशी टर उडवणे सोपे नाही. तरी एक प्रश्न उरतोच. ही थट्टाही ठरवणार कोण? कल्पना ज्याची, तोच.

श्रेय कुणाचे?

सहकाऱ्यांची नावे येथे लपवली जात नाहीत. अन्नपूर्णा गरिमेला यांचे २०१६ मधील पुस्तक तर आर. विजय यांच्यावरच आहे. तरीही या कामाची ओळख प्रामुख्याने वास्वो यांच्या नावानेच होते, हे नाकारता येत नाही.

‘गौरी डान्सर्स’ ही मालिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मेवाडातील भिल्ल समाज राखीपौर्णिमेनंतर सुमारे ४० दिवस गावोगावी ‘गवरी’ खेळतो. आपल्या भाद्रपदातील गौरींपेक्षा हा प्रकार अगदी वेगळा. यात स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवतात. स्टुडिओच्या पडद्यापुढे ते याच सोंगात उभे आहेत, आणि त्यांच्या वेशाला रंग चढवला आहे सोनी यांनी.