गारगोटी, साखर आणि घाटंजीचे नकली खडे

गेला गाळप हंगाम संपता संपता घाटंजीकडचे एक सभासद ऊसबिलाच्या चौकशीला कार्यालयात आले होते. घाटंजी तालुका म्हणजे कापसाचा आणि तुरीचा मुलूख. विहिरीला पाणी टिकलं तेवढ्याच शेतकऱ्यांकडे ऊस, त्यामुळे तिकडचे सभासद आमच्याकडे क्वचितच येतात. बिलाचं काम झाल्यावर त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली, आणि काळ्या रेघांचा निळसर हिरवा खडा आमच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हा फिरोजा असली हाये का नकली, तेवढं पाहून द्या जी."

मुलाला नोकरी लागावी म्हणून कोणा फिरत्या इसमाने हा खडा त्यांच्या गळ्यात मारला होता. बिलाच्या पहिल्या हप्त्यातले साडेचार हजार रुपये त्यात गेले होते. आम्ही रत्नपारखी नव्हे. पण प्रयोगशाळेतले आमचे केमिस्ट शेजारीच चहा घेत होते. त्यांनी चाकूचं टोक खड्याच्या मागच्या बाजूला हलकेच टेकवून ओढलं, तशी पेन्सिल तासल्यासारखी निळी साल निघाली. सभासद काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हा त पिलाष्टिकचा निंघाला." आणि जरा थांबून, "असे त आमची सूनबाई घरी बनवते. तिनं पाहिल्यावरच सांगतलं होतं. मीच ऐकलं नाही."

खड्यापेक्षा या शेवटच्या वाक्यानेच आमचं कुतूहल चाळवलं, आणि पंधरा दिवसांनी आम्ही घाटंजीला गेलो.

सूनबाईंच्या बचत गटात अकरा जणी आहेत. ओसरीवर ताडपत्री पसरलेली, मध्ये एक पाटा, शेवयांचं यंत्र, किसणी आणि कोपऱ्यात विजेची लहान भट्टी, ज्याला शहरात ओव्हन म्हणतात. ही मंडळी ज्या पदार्थाचे मणी करतात त्याला पॉलिमर क्ले असं नाव आहे. क्ले म्हणजे माती. पण हिच्यात मातीचा कणसुद्धा नाही. मोटारीपासून शेतापर्यंत जो पीव्हीसीचा पाइप आपण टाकतो, त्याच पीव्हीसीची ही बारीक भुकटी. तिच्यात मऊपणा ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग मिसळले की कणकेसारखा गोळा होतो. तो हवेत वाळत नाही, आठवडाभर ठेवला तरी मळता येतो. साधारण 110 ते 130 अंश सेल्सियस उष्णता मिळाली म्हणजे मात्र भुकटीचे कण एकमेकांत मिळून जातात आणि कायमचा घट्ट पदार्थ तयार होतो.

ही वस्तू मुळात आली बाहुल्यांच्या धंद्यातून. जर्मनीत केटे क्रूझ या बाईंच्या बाहुल्या प्रसिद्ध होत्या. त्यांच्या मुलीने, जिला फिफी म्हणत, 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस या जातीच्या पदार्थावर काम सुरू केलं, आणि 1964 मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने तिच्याकडून तो घेऊन पुढे 'फिमो' या नावाने बाजारात आणला. अमेरिकेत 'स्कल्पी' नावाने तसाच माल निघाला. आता आपल्याकडच्या शहरांतही तो मिळतो.

आमच्यासमोर त्यांनी फिरोजा करून दाखवला. निळ्या गोळ्यात चिमूटभर हिरवा आणि नखाएवढा पिवळा मळून तीन-चार छटा केल्या. एकच छटा वापरली तर खडा बटणासारखा दिसतो, खऱ्या दगडात रंग कधी सारखा नसतो, असं त्यांचं म्हणणं. मग ते गोळे थंड करून जाड किसणीवर खोबऱ्यासारखे किसले. कीस थोडा चेचून त्यावर काळसर तपकिरी ॲक्रिलिक रंग टाकला आणि हाताने वरखाली केला, म्हणजे प्रत्येक तुकड्याला रंगाचं पातळ अस्तर बसलं. रंग वाळल्यावर सगळ्याचा मुठीत दाबून लाडू वळला. सुरीने लाडू कापला तर आत हुबेहूब फिरोजाच्या शिरा! त्या शिरा म्हणजे तुकड्यांमधला रंगच. खऱ्या फिरोजात तिथे आजूबाजूच्या खडकाच्या रेषा असतात.

पुढे मणी वळायचे, भाजण्याआधी सुईने भोक पाडायचं, अर्धा-पाऊण तास मंद भाजायचं. गार झाल्यावर पाण्यात बुडवून चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपासून हजारापर्यंत घासायचं. शेवटी जीन पँटच्या जुन्या कापडावर चोळायचं. घासणीलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. एक बाई म्हणाल्या, "भाजणं सोपं हाये जी, घासता घासता बोटं गळून येते."

याच पद्धतीने अर्धपारदर्शक गोळ्यात जरा हिरवा टाकला की जेड होतो, तांबूस पिवळा टाकला की तृणमणी, गर्द निळ्यात सोनेरी वर्खाचे कण मिसळले की राजावर्त. लाल गोळ्याचं पोवळं तर शेंबडं पोरही करील, आणि म्हणूनच बाजारात नकली पोवळ्याचा सुळसुळाट फार.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या साखरेशी निगडित आहे.

आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरून तो तयार झाला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे फुगे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून थरावर थर बसले, आणि त्यातूनच गारगोट्या व अकीक झाले. नांगरटीला जी पांढरी, दुधी, कधी पट्ट्यापट्ट्यांची गार निघते आणि आपण बांधावर फेकतो, ती याच कुळातली. तिची किंमत आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे अकीक, कार्नेलियन, स्फटिक यांचे मणी करण्याचं मोठं केंद्र प्राचीन काळी होतं. नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 या काळात तिथे उत्खनन केलं. तयार मण्यांबरोबर अर्धवट राहिलेले मणी आणि दगडाच्या कपच्या तिथे मिळाल्या आहेत. कपच्या मिळाल्या म्हणजे माल बाहेरून आलेला नव्हे, तिथेच घडत होता.

दगडाचं रूप पालटण्याची विद्याही तितकीच जुनी. खंबायतचे कारागीर फिकट अकीक मडक्यात घालून गोवरीच्या वा भुश्याच्या मंद विस्तवात भाजतात. दगडातल्या लोहाचा रंग पालटतो आणि तो तांबडा होतो. आणि काळा अकीक, ज्याला बाजारात 'ओनिक्स' म्हणतात, तो बहुतेक वेळा साखरेने काळा केलेला असतो! अकीक दिसायला ठोस, पण त्यात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. तो साखरेच्या पाकात दोन-तीन आठवडे मुरवतात, मग तीव्र गंधकाम्लात घालून तापवतात. आम्लाने साखर करपते, तिचा कोळसा छिद्रांतच राहतो आणि दगड कायमचा काळा होतो. जर्मनीतल्या इदार-ओबरस्टाइन गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा भरभराटीला आणला, पण दगड मधात उकळण्याची गोष्ट रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहे. (हा प्रयोग कोणीही घरी करू नये. गंधकाम्लाने डोळा गेला तर तो परत मिळत नाही.)

अस्सल, कृत्रिम आणि नकली यांतला फरक आमच्या केमिस्टांनी साखरेवरूनच समजावून दिला. आपल्या पॅनमध्ये बीजाचे बारीक दाणे सोडले की रसातली साखर त्यांच्यावर बसत जाते आणि दाणा वाढतो. स्फटिकही खाणीत असाच वाढतो आणि कारखान्यातही असाच वाढवता येतो. माणिक तर फ्रान्सच्या वेर्नुई याने 1902 मध्येच ज्योतीत वितळवून बनवून दाखवलं. हे झाले कृत्रिम खडे: दाणा तोच, जन्म वेगळा. काचेचा खडा मात्र लिमलेटच्या गोळीसारखा. साखर तीच असली तरी पाक भराभर थिजवल्यामुळे दाणा बांधला गेलाच नाही. आणि पॉलिमर क्लेचा खडा? त्यात साखरच नाही. तो नुसता दिसायला खडीसाखर.

आता मुद्द्याची गोष्ट. गटाच्या बायकांपुढे दोन प्रश्न होते, आणि त्यावरून आमच्यासमोरच चांगली खडाजंगी झाली.

पहिला प्रश्न हिशोबाचा. पाकीट येतं साधारण 57 ग्रॅमचं. त्यात एक सेंटिमीटरचे साठएक मणी होतात, म्हणजे एखादी माळ आणि कानातल्याची जोडी. गटाने सुरुवातीला फक्त पाकिटाची किंमत धरून भाव काढला होता. घासायला लागणारे तास, वीज, फुकट गेलेले मणी, यातलं काहीच धरलं नव्हतं. पहिला घाणा तर करपून गेला होता, कारण लहान भट्टीच्या चकतीवर लिहिलेले अंश आणि आतले अंश यांत बरीच तफावत असते. आता त्यांनी आत ठेवायचा वेगळा तापमापक घेतला आहे. मे महिन्यात दुसरा फटका बसला. पत्र्याखाली ठेवलेली बंद पाकिटं उन्हानेच अर्धवट घट्ट झाली आणि मळताना तुटू लागली. आपल्याकडचा उन्हाळा काही जर्मनीचा नव्हे. आता माल माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात असतो.

एकीने मधला मार्ग सुचवला होता, मक्याचं पीठ आणि पांढरा गोंद शिजवून केलेला गोळा. तो स्वस्त पडतो, भट्टी लागत नाही. पण पाणी लागलं की मऊ पडतो. श्रावणात माळ गळ्यात चिकटली तर गिऱ्हाईक परत येईल का? हा माल त्यांनी देखाव्याच्या वस्तूंपुरता ठेवला, ते योग्यच केलं असं आम्हाला वाटतं.

आरोग्याचंही सांगितलं पाहिजे. ज्या भट्टीत आणि भांड्यांत हे काम होतं, त्यांत पुन्हा अन्न शिजवू नये. चुलीवर किंवा गॅसवर हे भाजू नये. फार तापलं तर पीव्हीसीतून घशाला झोंबणारा आम्लाचा धूर निघतो. घासताना पाणी वापरायचं ते धूळ नाकात जाऊ नये म्हणून. पोरांना खेळायला देताना ती तोंडात घालणार नाहीत हे पाहावं.

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड होता. एक व्यापारी गटाकडे आला होता. दोनशे फिरोजा आणि शंभर पोवळी, अंगठीच्या मापाची, रोख पैसे, पण खड्यावर वा पुडीवर काही लिहायचं नाही. त्याने सांगितलेला भाव बाजारातल्या माळेच्या भावाच्या तिप्पट होता. अकरातल्या चार जणींचं म्हणणं, आपण खडाच देतो, पुढं तो काय सांगून विकतो त्याच्याशी आपल्याला काय करायचं? घरात तूर विकायची राहिलेली, पोरांची फी भरायची. त्यांना आम्ही लोभी म्हणणार नाही.

तेव्हा आमचे सभासद, म्हणजे सूनबाईंचे सासरे, ओसरीच्या कडेला बसले होते. त्यांनी खिशातली तीच पुडी काढून ताडपत्रीवर ठेवली. "घ्या, याले पाहा. हा कोन्या तरी बाईनंच बनवला असन ना? तिलेबी कोनीतरी रोखच देल्ले असन."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी व्यापाऱ्याला नकार कळवायचं ठरलं. चारातल्या दोघी अजून नाराज आहेत, हेही लिहिलं पाहिजे.

सभासदांनी खडा घेताना एवढं पाहावं. अकीक, स्फटिक यांवर चाकूचा ओरखडा उठत नाही, पॉलिमर क्लेवर लगेच उठतो. खरा दगड गालाला लावला तर गार लागतो, हा कोमट लागतो, आणि हातात हलका भरतो. ओरखड्याने काच मात्र नेहमी सापडत नाही, आणि पोवळं, मोती तर अस्सल असले तरी मऊच, तिथे जाणत्या सराफाकडे जावं. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर खड्याचं नाव व 'नैसर्गिक', 'कृत्रिम' की 'नकली' ते लिहून घ्यावं. पावती असली तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. आमच्या सभासदांजवळ पावती नव्हती आणि तो इसम पुन्हा दिसला नाही.

परवा घाटंजीच्या आठवडी बाजारात गटाचं दुकान लागलं होतं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हाताने केलेले नकली खडे'. शेजारच्या बांगडीवाल्याने हसून विचारलं की नकली लिहून कोण घेणार? संध्याकाळपर्यंत सात माळा आणि एकोणीस जोड कानातले गेले. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी राजावर्ताचे मणी सुटे घेतले, चोळीच्या आरशांमध्ये ओवायला.

पुठ्ठ्याखाली सासऱ्यांनी शेतातली एक पट्ट्यांची गारगोटी धुऊन ठेवली होती, लोकांनी हातात घेऊन खरी-खोटी ताडून पाहावी म्हणून. तिला चार गिऱ्हाइकांनी भाव विचारला. ती विकायची नव्हती.