घाटाच्या पायथ्याचं पातूर

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत रस्त्याला चढ असा जाणवत नाही. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. मग समोर डोंगराची रांग आडवी येते आणि तिच्या पायथ्याशी पातूर लागतं. अकोला समुद्रसपाटीपासून 280 मीटरच्या आसपास, तर वाशीम साडेपाचशेच्या जवळ. खालच्या सपाट पूर्णाखोऱ्याला पायनघाट आणि वरच्या पठाराला बालाघाट म्हणायची वऱ्हाडातली जुनी रीत आहे. या दोघांच्या सांध्यावर हे गाव बसलं आहे. संपादकांनी मला इथं धाडलं ते चौपदरी महामार्गावर लिहायला. पण गावात पाय ठेवल्यावर रस्त्यापेक्षा डोंगरानंच मला जास्त धरून ठेवलं.

कागदोपत्री इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरांत या गावाचं नाव ‘पातूर शेख बाबू’ असं येतं. शेख बाबू म्हणजे शेख अब्दुल अझीझ. चौदाव्या शतकात ते दिल्लीकडून इथं आले अशी परंपरा आहे आणि त्यांचा दर्गा आजही गावाची ओळख आहे. आख्यायिका त्यांचा संबंध महंमद तुघलकाशी जोडते. गावाच्या दुसऱ्या अंगाला टेकडीवर रेणुकामाता आहे आणि गावात सिदाजी महाराजांचं मंदिर. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवलं. पुढं मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोल्यावरून गेला आणि कापसाच्या गाड्यांची तोंडं अकोल्याकडे वळली. वाशीमला जाणाऱ्या रेल्वेनं मात्र बार्शीटाकळीची वाट धरली. पातूरला रेल्वे कधी आलीच नाही. आज इथं तहसील आहे, नगरपरिषद आहे, महाविद्यालय आहे. 2001 च्या जनगणनेत वस्ती वीस हजारांच्या थोडी वर होती.

गावाचं खरं धन जमिनीखाली आहे. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा पसरला आहे. तिथं विहीर खोदली तरी पाणी खारं निघतं, पिण्याला नाही आणि पिकालाही नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांचा जन्म त्या पाण्याशी भांडण्यात जातो. पातूर त्या पट्ट्याबाहेर आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून झिरपत पायथ्याला येतो आणि इथल्या विहिरींना गोड पाणी लागतं. मोर्णा नदी याच डोंगरांतून उतरते. तिच्यावर पातूरजवळ धरण आहे, आणि पुढं अकोला शहर ओलांडून ती पूर्णेला मिळते.

या गोड पाण्यावर पातुरात फुलशेती उभी राहिली. गावालगतच्या एका मळ्यात मी दिवस उगवायच्या आधी पोचलो, तेव्हा एक आजी शेवंती तोडत होत्या. साठी उलटलेली असावी. डोक्याला फडकं, कमरेला ओटीसारखं बांधलेलं जुनं लुगडं. त्यांची तोडणी मी बराच वेळ पाहत राहिलो. फूल ओढायचं नाही. देठ अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, तर्जनीनं हलकं दाबायचं, की फूल आपसूक तळहातात येतं. पूर्ण उमललेलं आणि जरा मिटलेलं त्या न पाहता, बोटांनीच ओळखत होत्या. लांब जाणारा माल थोडा मिटलेला लागतो आणि गावातला उमललेला चालतो. ओटी भरली की फुलं टोपलीत जायची आणि वर ओलं गोणपाट पडायचं. उजाडेपर्यंत माल बांधून तयार, कारण अकोल्याचा बाजार उन्हासाठी थांबत नाही.

‘‘खालतं पानी खारं हाये भाऊ,’’ आजी हात न थांबवता म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं गोड हाये. त्याच्यानं फूल येते.’’

शेवंतीचं शास्त्रही मोठं नेमकं आहे. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तिला कळी धरत नाही. लावणीनंतर महिनाभरानं शेंडे खुडावे लागतात, म्हणजे झाड उंच न जाता फांद्या फोडतं, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. बहर संपला की जुन्या झाडाच्या बुडातून कोंब फुटतात. तेच पुढच्या सालची रोपं. असं एकेक रोप उन्हाळाभर जगवायचं असतं, तेही ज्या जिल्ह्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो तिथं. या मेहनतीला कोणी शेतीतली कारागिरी म्हणत नाही. मी म्हणतो.

आता डोंगरातलं दुसरं काम. पातूरची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहेत, तरी अजिंठ्याला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांचं नाव ऐकलं असेल. इथं अजिंठ्यासारखी रंगवलेली चित्रं नाहीत. साधे खांब आणि काळ्या कातळात कोरलेली जागा, एवढंच. पण तो साधेपणाच मला मोलाचा वाटला, कारण नक्षीनं लपून जातं ते काम इथं उघडं आहे. लेणं वरून खाली कोरत येतात. आधी छत, मग खांबांचे माथे, शेवटी जमीन. पायाड बांधावं लागत नाही, न फोडलेला दगडच उभं राहायला जागा देतो. जिथं खांब हवा तिथला दगड सुरुवातीपासून राखून ठेवायचा, कारण चुकीनं उडालेला टवका परत चिकटवता येत नाही. खडकही सगळीकडे सारखा नसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. एखादा थर घट्ट, एखादा भोकाभोकांचा, मध्येच तांबड्या मातीची पट्टी. कुठला थर छत पेलेल हे पहिला घाव घालण्याआधी ओळखावं लागे. ज्या माणसांनी हे ओळखलं त्यांची नावं कुठंच नाहीत.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं सोळावं लेणं याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं करवलं. वत्सगुल्माहून खाली उतरणारे व्यापारी आणि भिक्खू घाटाच्या याच तोंडाशी विसावत असतील असा माझा कयास आहे. पुरावा म्हणून तो मांडत नाही. पण नकाशा पुढ्यात घेतला की दुसरं काही सुचत नाही.

काळजी वाटते ती इथून पुढं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आहे, असं 2010 चा कायदा सांगतो. कायद्यानं भिंत अडते, दुर्लक्ष अडत नाही. दगडात पाणी मुरतं, भेगा रुंदावतात, आणि येणारं कोणी नसलं की विचारणारंही कोणी राहत नाही.

पाण्याचंही तसंच. जानेवारी 2018 मध्ये अकोलेकरांनी हजारोंच्या संख्येनं उतरून मोर्णेचं पात्र साफ केलं आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं कौतुक केलं. ते कौतुक रास्तच होतं. पण नदी शहरात जन्मत नाही. पातूरच्या वरचं जंगल विरळ झालं, तर पाऊस डोंगरात मुरण्याऐवजी धावत सुटेल. मग विहिरी आधी आटतील, फूल नंतर जाईल. बोअर खोल नेऊन हा हिशेब जुळणार नाही, कारण खडकात साठा मर्यादित आहे आणि तो फक्त पावसानंच भरतो.

फुलांच्या भावाचं दुखणं वेगळं. दसरा-दिवाळीला सगळ्यांचा झेंडू एकदम येतो आणि सणाच्या संध्याकाळी तो रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी घरी जातात. वर्षभर मखरांत आणि लग्नमंडपांत प्लास्टिकची फुलं वाढताहेत. शीतगृह जवळ असतं, तर निदान दोन-चार दिवसांची उसंत मिळाली असती. आजींच्या मुलानं मळ्याचा अर्धा तुकडा सोयाबीनला दिला आहे. त्याला बोल लावायची माझी तयारी नाही.

आणि चौपदरी रस्ता. तो चांगला झाला आहे यात शंका नाही. अकोला-नांदेड प्रवास सोपा झाला, घाटातली कोंडी कमी झाली. पण बाहेरून वळसा घेणाऱ्या गाड्या पातूरचं नाव हिरव्या पाटीवर वाचतात आणि पुढं जातात. ज्या गावात घाट चढण्याआधी थांबायचं अशी वाटसरूंची रीत होती, तिथं आता थांबायचं कारण उरलं नाही. पुरातत्त्व खात्यानं आणि नगरपरिषदेनं मिळून महामार्गावर लेण्यांची ठळक पाटी लावावी, तिथवर नीट वाट करावी आणि एक माहीतगार माणूस नेमावा. यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. तोवर वाशीम-नांदेडकडे जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे: वळणरस्ता सोडून एकदा गावात शिरा, लेणी पाहा आणि परतताना शेवंती पातुरातूनच घ्या.