उलट्या दाराची गाडी

मोटारीचं दार पुढच्या बाजूला बिजागरीवर टांगलेलं असतं आणि त्याची कडी मागच्या बाजूला असते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी ठरवलेली असावी, हेही मनात येत नाही. खानदेशातल्या माझ्या पिढीने मात्र उलट्या दाराची गाडी पाहिलेली आहे. धुळ्याला आणि जळगावला एकेकाळी डॉक्टर, वकील आणि जिनिंगवाले शेठ यांच्या दारात जी ‘डुक्कर फियाट’ उभी असे, तिची पुढची दारं मागून टांगलेली होती. कडी पुढे, काचेच्या बाजूला. दार उघडलं की ते हवेच्या तोंडाला येई.

ही गाडी म्हणजे फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९५४ पासून बाहेर पडू लागली. तिच्या गोलमटोल अंगलटीवरून लोकांनी तिला ते नाव ठेवलं, आणि मालकांनीही ते हसत स्वीकारलं. तिच्या मधल्या खांबाला पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं टांगलेली असत, पुस्तकाच्या दोन पानांसारखी. तो खांब म्हणूनच भक्कम होता. साठच्या दशकाच्या मध्यावर ११०० डी आली आणि पुढची दारं सरळ झाली. हीच गाडी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून निवृत्त झाली. पद्मिनी सगळ्यांना आठवते. उलटं दार मात्र विस्मरणात गेलं.

ते पुन्हा आठवायचं कारण एक पिकअप. जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात १९५० च्या दशकातली डॉजची पिकअप उभी आहे. क्रायस्लरशी करार करून याच कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो गाड्याही जुळवल्या जात. मालक रावेरकडचा केळीबागायतदार, माझ्या जुन्या खातेदाराचा नातू. आजोबांनी या गाडीतून केळीचे घड निंभोऱ्याच्या स्टेशनावर वॅगन भरायला नेले. आता त्याला ती नवी करायची आहे आणि तिची दारं उलटी करून घ्यायची आहेत. अमेरिकेत जुन्या पिकअपची दारं अशी उलटी करण्याची हौस बरीच जुनी आहे. त्याने फोनवर चित्रं पाहिली आणि ठरवून टाकलं. मी बँकेत असताना वाहनकर्जाच्या गाड्या तपासायला जात असे, म्हणून त्याने मलाही सोबत नेलं.

त्याच्या हट्टामागे फक्त चित्रं नव्हती. घरात नऊवारी नेसणारी, पंच्याऐंशी उलटलेली आजी आहे. गाडी उंच. सरळ दारातून चढायचं तर आधी पाय आत टाकावा लागतो आणि अंग दाराच्या कोपऱ्यात मुरडावं लागतं. आजीचं म्हणणं असं की गावच्या डॉक्टरांच्या फियाटीत ती पाठमोरी येऊन सीटवर टेकत असे आणि मग पाय आत घेत असे, लुगड्याचा काठसुद्धा हलत नसे. ती बरोबर सांगत होती. दार मागे सरकलं की सीटच्या पुढची सगळी जागा मोकळी मिळते. घोड्यांच्या बग्ग्यांना आणि सुरुवातीच्या मोटारींना अशी दारं होती, त्यामागे हेही एक कारण असावं. रोल्स रॉईसच्या २००३ च्या फँटममध्ये मागची दारं आजही तशीच उघडतात. १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलचंही तेच होतं.

मग जगाने हे दार सोडलं का? इंग्रजीत त्याला सरळ ‘सुसाइड डोअर’ म्हणतात, त्या नावातच उत्तर आहे. सरळ दार चालत्या गाडीत चुकून निसटलं तर समोरचा वारा ते दाबून ठेवतो. उलटं दार निसटलं की त्याच वाऱ्याचा हात फटीत शिरतो आणि दार शिडासारखं फाडकन उघडतं. ते धरायला हात बाहेर टाकणारा माणूस दाराबरोबर ओढला जातो. त्या काळात सीटबेल्टही नव्हते. आमच्याकडे वाऱ्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. चैत्र-वैशाखात धुळ्याहून पारोळ्याकडे गाडी काढली की सरळ दारसुद्धा उघडताना हाताला झटका देतं.

दुसरी गोष्ट मला अधिक भीतिदायक वाटते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. रस्त्याच्या बाजूने उतरणाऱ्याला मागून काय येतं आहे ते दिसायला हवं. उलटं दार उघडलं की नेमकं तेच दार मधे पडदा होऊन उभं राहतं. मागून आलेल्या वाहनाने सरळ दाराला धडक दिली तर दार पुढे मुडपून निघून जाईल. उलट्या दाराला धडक दिली तर ते बंद होऊ पाहील, अर्धवट उतरलेल्या माणसावर. फ्रान्सच्या सिट्रोएन टू सीव्हीने १९६४ च्या अखेरीस आणि इटलीच्या फियाट ५०० ने १९६५ मध्ये पुढची दारं सरळ करून घेतली.

गॅरेजवाला मिस्त्री मात्र या तत्त्वज्ञानात पडला नाही. त्याने पिकअपच्या दारामागच्या खांबावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, “नाना, खांब कच्चा शे. आते दार लटकाडं ते सहा महिनामा लोंबी जाई.”

एका वाक्यात त्याने सगळं काम सांगून टाकलं. दाराचं वजन पुढच्या खांबाने पेलावं अशा हिशेबाने ही गाडी बनली आहे. पिकअपला मागचं दार नसतं, त्यामुळे दारामागचा खांब म्हणजे केबिनचा नुसता कोपरा, आतून पोकळ पत्रा. त्याचं काम कडी अडकवून घेण्यापुरतं. डुक्कर फियाटच्या मधल्या खांबाशी त्याची बरोबरी नाही. तिथे बिजागरी बसवायची तर आधी दार काढून त्या मोकळ्या चौकटीत आडवेतिडवे गज ठोकायचे, नाहीतर कापताना केबिनच वाकडी होते. मग खांबाचा पत्रा उकलून आत जाड पट्टीचा चौकोनी नळ तळापासून छतापर्यंत वेल्ड करायचा. दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्या एकाच उभ्या रेषेत आल्या पाहिजेत, सुताएवढी जरी चूक झाली तरी दार अर्ध्यावर आडून बसतं. शिवाय या दाराची मागची कड गोलाई घेते, ती उघडताना केबिनला घासते, म्हणून बिजागरी बगळ्याच्या मानेसारखी वाकवून बाहेर काढावी लागते. कडी पुढच्या टोकाला न्यायची, तर दाराच्या पोटात काच वर-खाली करणारी यंत्रणा मधे येते. जुनी कडी तर वापरूच नये. दोन टप्प्यांत पकडणारी नवी घ्यावी, पहिला टप्पा सुटला तरी दुसरा धरून ठेवील अशी.

हे करणारे हात आपल्याकडे आहेत. जळगाव-धुळ्याच्या हमरस्त्यावर ट्रकच्या बॉडी बांधणारी माणसं याहून अवघड कामं नजरेच्या अंदाजाने करतात. अडचण आहे ती कागदाची.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्याविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात त्याचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीच्या बांध्यात करता येणार नाही. रंग बदलणं किंवा किरकोळ जोडणी चालेल. खांब कापून दार फिरवणं हे किरकोळ आहे असं कुठल्याही आरटीओत म्हणून पाहा! आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने वेगळे नियम केले, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. पण तिथेही अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. शिवाय ती व्याख्या दुचाकी आणि माणसं वाहणाऱ्या खासगी चारचाकीपुरती आहे, म्हणजे केळी वाहिलेल्या पिकअपचं तिथे सरळ दारानेही अडतंच. सरकारला केळीचं वावडं आहे असं नाही, पण कागद करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मिरवायची मोटार होती हे दिसतं.

मी नातवाला इतकंच सांगितलं की प्रदर्शनात उभी ठेवायची असेल तर हौस म्हणून कर. पण तुला तर आजीला बसवून सुरत-नागपूर रस्त्याने एरंडोलला लग्नाला जायचं आहे. तो गप्प राहिला. पोरगं हट्टी आहे, पण हिशेबी घरातलं आहे.

मिस्त्रीनेच मग वेगळी गोष्ट काढली. या पिकअपला मुळात दाराखाली लांब फूटबोर्ड होते. ते गंजले तेव्हा कुणीतरी कापून फेकून दिले, त्याचे नटबोल्टचे डोळे अजून चॅसीला शाबूत आहेत. फूटबोर्ड परत बसवला की चढायची उंची निम्मी होते, आणि गाडी होती तशी दिसते. दाराच्या पुढच्या खांबाला आतून धरायला एक कडं, आणि सीटच्या दोन्ही टोकांना बेल्ट.

पुढच्या रविवारी आजीला गॅरेजात आणलं. लोखंडी पट्टी विटांवर ठेवून मिस्त्रीने तिला पाऊल टाकायला सांगितलं. पहिल्यांदा उंच झाली, एक वीट काढली. दुसऱ्यांदा तिने कडं कुठे हवं ते हात लांब करून दाखवलं. मिस्त्रीने तिथे खडूने खूण केली.